आकडे फिके पडले म्हणजे डिस्प्ले गेला असं नाही

प्रश्न : बीपी मोजायच्या मशीनवरचे आकडे इतके फिके झालेत की आईंना वाचता येत नाहीत. नवं घ्यावं का?

आधी चारही सेल एकदम बदला. दोन नवे, दोन जुने असं करू नका. नवे चार सेल मिळून ६ व्होल्ट देतात. ते उतरत गेले की एलसीडीचा काळेपणा कमी होतो, आणि पट्ट्यात हवा भरायला पंप सुरू झाला की आणखी कमी. सेलच्या खाचेतल्या स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर तीही खरवडून पुसा.

प्रश्न : टेबलावरच्या डिजिटल घड्याळात आकड्यांच्या काही रेघा दिसत नाहीत. काच दाबली की उमटतात.

दाबल्यावर उमटतात, म्हणजे डिस्प्ले शाबूत आहे आणि जोड सैल झाला आहे. सेल काढून घड्याळ उघडा. काच आणि सर्किट बोर्ड यांच्यामध्ये रबराची बारीक पट्टी असते, तिला झेब्रा स्ट्रिप म्हणतात. वीज वाहणारे आणि न वाहणारे थर तिच्यात आलटून पालटून असतात. दमट हवेत आणि धुळीत तिचा स्पर्श बिघडतो. पट्टी, काचेची कड आणि बोर्डावरचे सोनेरी ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, पट्टी होती तशीच सरळ बसवा. स्क्रू एकेक करून पूर्ण आवळू नका, सगळे थोडे थोडे आवळत जा. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र नको, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लॅस्टिक खातं. रबराऐवजी चिकटवलेली चपटी रिबन निघाली तर तिला ओढू नका, ती कारागिराकडे न्या.

प्रश्न : शेगडीजवळच्या वजनकाट्याची काच तपकिरी पडली आहे.

उष्णतेने वरची पोलरायझर फिल्म, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी पातळ फिल्म, खराब झाली आहे. ती सोलून, खालचा गोंद काढून नवी लावता येते. चिकटवण्याआधी काटा चालू करून फिल्म काचेवर फिरवून पाहा : चुकीच्या दिशेला काळ्यावर पांढरे आकडे दिसतात.

प्रश्न : जुन्या मायक्रोवेव्हचे निळसर-हिरवे आकडे अंधूक झालेत. घरीच उघडून पाहू का?

नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विद्युतभार उरू शकतो. शिवाय हे आकडे उजळवणारा फॉस्फरचा लेप वापराने झिजतो, तो पुसून परत येत नाही. अन्न नीट तापत असेल तर तसाच वापरा.