ऑनलाइन स्पर्धेतले डाव तपासतो, तरी रेटिंग का हलत नाही?

प्रश्न: दर रविवारी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ३+२ ची (तीन मिनिटं आणि दर खेळीला वाढीव दोन सेकंद) अरेना, म्हणजे लागोपाठ डावांची स्पर्धा, खेळतो. रेटिंग दीड वर्ष १६०० च्या आसपास अडकलंय. स्पर्धा संपली की प्रत्येक डाव इंजिनला (डाव तपासणाऱ्या प्रोग्रामला) देतो, चुका बघतो, तरी फरक पडत नाही. इंजिन कोणतं वापरू, डेप्थ (ते किती खेळ्या पुढे बघतं) किती ठेवू, पैसे भरून सदस्यत्व घेऊ का?

उत्तर:

‘इंजिनला देतो, चुका बघतो.’ तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला खटकलं ते एवढंच वाक्य. तुम्ही चुका बघत नाही आहात. इंजिनने लाल केलेली खेळी वाचता, ‘हां, बरोबर’ म्हणता आणि पुढच्या डावावर जाता. लाल खेळी म्हणजे चूक उघडी पडली ती जागा. चूक झालेली असते बरेचदा त्याच्या आधी, आणि तिथे इंजिन गप्प असतं.

एक स्थिती घ्या, जवळ पट असेल तर मांडाच (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग). पांढरा: राजा डी५, हत्ती एच७, प्यादं ई५. काळा: राजा ई८, हत्ती बी६. डाव माझाच, ३+२ चा, मी काळ्याकडे, घड्याळात १९ सेकंद. फिलिडॉरची बरोबरी म्हणतात ती हीच, आणि ती १७७७ पासून छापील आहे. काळ्याचा हत्ती सहाव्या रांगेवर असल्याने पांढऱ्या राजाला पुढे पाऊल टाकता येत नाही. काळ्याने बी६ वरून ए६, ए६ वरून बी६ एवढंच करत बसायचं.

मग पांढरा प्यादं ई६ वर सरकवतो. इथे खेळ पालटतो. सहाव्या रांगेवरचं हत्तीचं काम संपलं, कारण आता त्या रांगेत प्यादंच मध्ये उभं आहे आणि त्याच्या पलीकडचं एफ६ हे घर हत्तीला दिसत नाही. उलट, प्यादं पुढे गेल्यामुळे पांढऱ्या राजाला मागून बसणाऱ्या शहांपासून आडोसा उरला नाही. म्हणून हत्ती लगेच तळाला, बी१ वर. मी खेळलो हत्ती ए६. सवयीने, दोन सेकंदांत.

या खेळीला इंजिनचा शेरा: काही नाही. मूल्यांकन आधी ०.००, नंतरही ०.००. टेबलबेसही (मोजके मोहरे उरलेल्या स्थितींच्या पक्क्या निकालांचा कोष) ‘बरोबरी’च म्हणतो आणि ते खरंच आहे, कारण अजून एक संधी शिल्लक आहे. पांढरा राजा ई५ वर येतो. आता ए१ वर उतरलं तर वाचतो: राजा एफ६, हत्ती एफ१ शह, राजा ई५, हत्ती ई१ शह, राजा डी६, हत्ती डी१ शह, राजा सी६ कडे गेला तर हत्ती ई१ आणि प्यादं वाचवायला राजाला परत यावं लागतं. तळाला न जाता ए५ वरूनच शह दिला, तर राजा एफ६ वर जातो आणि पुढचा शह एफ५ वरून द्यावा लागतो, म्हणजे हत्तीच गेला. अंतर लागतं ते यासाठी. मी मात्र पुन्हा हत्ती बी६. राजा एफ६, आणि आता हत्ती एच८ वर मात आहे. काळा राजा एफ८ वर गेला तरी तीच मात. डी८ कडे पळाला तर मात टळते, पण प्यादं वजीर होतं.

अहवालात काय आलं? दुसरी खेळी लाल, शेजारी ‘हत्ती ए१ सर्वोत्तम’. हे वाचून माणूस काय शिकतो? ‘राजा एफ६ ची धमकी दिसली नाही, नीट बघायला हवं होतं.’ चुकीचा धडा. धमकी दिसण्या न दिसण्याचा मुद्दाच नव्हता. प्यादं सहाव्या रांगेवर आलं की हत्ती खाली, हा नियम हाताला माहीत नव्हता, आणि ते उघड झालं त्या बिनलाल ए६ खेळीत. तिच्यावर थांबला नाहीत तर पुढच्या महिन्यात हीच स्थिती पुन्हा हराल, फक्त कदाचित दुसऱ्या रंगाने.

आता १९ सेकंदच का उरले होते? हेही अहवाल सांगत नाही. लिचेसवरून डाव पीजीएनमध्ये (डावाच्या खेळ्यांची फाइल) उतरवला की प्रत्येक खेळीपुढे उरलेली वेळ येते, आणि विश्लेषणाच्या पानावर खेळ्यांना लागलेल्या वेळेचा आलेखही असतो. ३+२ मध्ये ४० खेळ्यांना एकूण २६० सेकंद मिळतात, म्हणजे सरासरी साडेसहा. त्या डावात चौदाव्या खेळीवर ४८ सेकंद गेले होते. प्रश्न काय, तर डी पट्टीवर कोणता हत्ती आणायचा. दोन्हींत इंजिनच्या मते फरक ०.१ चा. अंत्यस्थितीत डाव गेला, पण त्याची निम्मी किंमत चौदाव्या खेळीलाच चुकती केली होती.

तर पद्धत अशी. इंजिन बंद ठेवून डाव एकदा पुढे सरकवा, त्याच संध्याकाळी, डोक्यात काय चाललं होतं ते आठवतंय तोवर. २५ सेकंदांहून जास्त लागलेल्या प्रत्येक खेळीला खूण. तीन सेकंदांच्या आत खेळलेल्या, पण मारामारी किंवा शह नसलेल्या खेळीलाही खूण, विशेषतः पंचविसाव्या खेळीनंतर. प्रत्येक खुणेशी एकच वाक्य: ‘दोन्ही सारखं वाटलं’, ‘उंट दिसलाच नाही’, ‘ही स्थिती माहीत नाही’, ‘जिंकलोच असं वाटलं’. मग इंजिन लावा आणि फक्त खुणांवर थांबा. त्याने सुचवलेल्या पहिल्या तीन ओळी दिसतील असं ठेवा. तिन्हींतला फरक ०.३ च्या आत असेल तर तिथे चूक नाही, तुम्ही वेळ वाया घालवला एवढंच.

ओपनिंगला पाच मिनिटं पुरे. एक्सप्लोररमध्ये (आधीच्या डावांत कोणत्या खेळ्या झाल्या ते दाखवतो तो) तुमचा डाव जिथे मळलेली वाट सोडतो ती एक खेळी बघा, एकच, आणि पुढे चला. लोक इथेच तासभर रमतात, कारण ते सोपं आहे.

डाव ठेवायला एक स्टडी (लिचेसवरची डावांची वही) करा. एका स्टडीत ६४ चॅप्टर बसतात, म्हणजे तुमच्या सात-आठ रविवारांची सोय झाली. वीस डाव झाले की ती वाक्यं मोजा. ‘ही स्थिती माहीत नाही’ जास्त आली तर अंत्यस्थिती शिका, ‘दोन्ही सारखं वाटलं’ जास्त आली तर आजार घड्याळाचा आहे आणि कितीही कोडी सोडवून तो जाणार नाही. आणि चुकलेली स्थिती वाचून सोडू नका. लाल खेळीच्या आधीची, खरी चूक झाली ती स्थिती विश्लेषणात उघडा, तिथूनच संगणकाशी पुढे खेळा, आठव्या पातळीवर, पाच वेळा. वरची ई६ ची स्थिती काळ्याकडून पाच वेळा वाचवली की ती बोटांत बसते. मग रंग बदला, समोरचा कुठे चुकतो तेही कळतं.

अरेनाचे डाव तपासताना एक भेसळ काढा. बर्सर्क केलेले, म्हणजे आपणहून कमी वेळेत खेळलेले, डाव वेगळे ठेवा. निम्मं घड्याळ आणि वाढीव सेकंद नाहीत, त्यामुळे तिथली वेळेची नोंद बाकीच्यांत मिसळली की सरासरी बिघडते. लागोपाठ दोन विजयांनंतर गुण दुप्पट होतात, तेव्हा माणूस बरोबरी घ्यायची तिथे ओढतो. असे डाव हरलात तर ती बुद्धिबळाची चूक कमी, हावेची जास्त. ती वहीत वेगळ्या रकान्यात.

अचूकतेचा आकडाही बघू नका. समोरच्याने आठव्या खेळीला वजीर सोडला तर ९४ टक्के कोणालाही येतात. +१.०० म्हणजे एक प्यादं जास्त, असंही नाही. स्टॉकफिश या इंजिनच्या १५.१ आवृत्तीपासून तो आकडा असा बसवलाय की यंत्र यंत्राशीच खेळलं तर +१ ला जिंकण्याची शक्यता ५० टक्के. १६०० च्या माणसाला हातात १९ सेकंद असताना त्याचा उपयोग शून्य.

‘ब्लिट्झचे (३+२ सारखे झटपट) डाव तपासायचे नसतात, तो वडापाव आहे’ असं म्हणणारे ज्येष्ठ खेळाडू प्रत्येक क्लबात एक तरी असतात. माझं त्यांच्याशी जुनं भांडण आहे, म्हणून सांगतो. त्यांची संथ स्पर्धा महिन्याला पाच डाव देते, आणि त्यातल्या एखाद्यात हत्तीची अंत्यस्थिती येते. अरेनाच्या एका संध्याकाळी तशा दोन-तीन येऊ शकतात. तपासणारा आळशी असेल तर दोन्ही वाया, पण कच्चा माल कुठे जास्त आहे ते उघड आहे. माजी विश्वविजेते बॉटविनिक स्वतःच्या डावांवर टिपा लिहून त्या छापा म्हणत, म्हणजे दुसऱ्यांनी त्यातल्या चुका काढाव्यात. घड्याळ किती मिनिटांचं यावर माझ्या मते तो सल्ला अडत नाही.

आता उरलेलं. हे सगळं १४०० च्या वरच्यांसाठी. खाली असाल तर फिलिडॉर बाजूला ठेवा; दर डावात तुमचं कोणतं मोहरं विनाआधार उभं होतं तेवढंच मोजा. बुलेट (एक-दोन मिनिटांचे डाव) तपासू नका, तिथे मी त्या ज्येष्ठांच्या बाजूने आहे. आणि चालू असलेल्या डावावर, अगदी दिवसाला एक खेळीवाल्यावरही, इंजिन लावू नका. खात्यावर कारवाई होते.

तुमचा मूळ प्रश्न. इंजिन: ब्राउझरमध्ये येतं तेच स्टॉकफिश. डेप्थ: २० ते २२, त्यापुढे फोन तापतो आणि १६०० ला उपयोगाचं काही बदलत नाही. पटावर सात किंवा कमी मोहरे उरले की डेप्थ बघूच नका, टेबलबेस उघडा, तो प्रत्येक खेळीचा निकाल सांगतो. सदस्यत्व: नको. लिचेसवर हे सगळं फुकट आहे. एवढे पैसे असतील तर लाकडी पट घ्या आणि वरची स्थिती त्यावर मांडा.