हजेरीचं रजिस्टर

प्रिय पोरी,
सलाम.

तू पाठवलेला जुन्या चर्चचा फोटो पाहिला. उंच दगडी कमानी, खिडक्यांतून उतरणारा उजेड आणि बाकांच्या जागी पुस्तकांचे मजलेच्या मजले. खाली तुझी ओळ : ‘काका, पन्नास वर्षांनी आपलंही हेच.’ आणि तिच्याखाली, अगदी सहज लिहिल्यासारखं, ‘मी दीड वर्ष उपासनेला गेलेले नाही. आईला सांगू नका.’

सांगणार नाही. पण आईला ते ठाऊक आहे, एवढं तुला सांगून ठेवतो.

आधी फोटोचा निकाल लावू. ते नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टचं डॉमिनिकन चर्च, १२९४ सालचं. तिथली उपासना लोक यायचे थांबले म्हणून बंद पडली नाही. १७९४ मध्ये फ्रेंच फौजेनं शहर घेतलं आणि संन्याशांना बाहेर पडावं लागलं. पुढे त्या इमारतीचं गोदाम झालं, तिथे सायकलीसुद्धा ठेवल्या. पुस्तकांचं दुकान आलं २००६ मध्ये. श्रद्धा आटल्याचा पुरावा म्हणून हा फोटो गावभर फिरतो, तेव्हा मला मास्तरकीची जुनी खोड आवरत नाही.

ओहोटी मात्र खोटी नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २०११ मध्ये ५९.३ टक्के होते, २०२१ मध्ये ४६.२ उरले. अमेरिकेत गॅलप या जनमत चाचणीच्या संस्थेचे लोक १९३७ पासून विचारतायत, की तुम्ही एखाद्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे किंवा तशा प्रार्थनास्थळाचे सभासद आहात का? १९९९ मध्ये ७० टक्के लोक ‘हो’ म्हणाले होते, २०२० मध्ये ४७. निम्म्याच्या खाली पहिल्यांदाच.

पण त्यांचं दुखणं आपल्याला जसंच्या तसं चिकटवू नकोस. तिकडे माणूस जनगणनेच्या कागदावर ‘कोणताही धर्म नाही’ अशी खूण करून मोकळा होतो. आपल्याकडे उलटंही चालतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शिखांसाठी तो आदेश १९५६ मध्ये बदलला, बौद्धांसाठी १९९० मध्ये, आपल्यासाठी नाही. म्हणून आपल्या खेड्यांत असे कितीतरी लोक भेटतात, की दाखल्यावर एक धर्म आणि चुलीपाशी प्रार्थना दुसरी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती पावणेअकरा लाखांच्या आसपास, एक टक्काही नाहीत. या आकड्यात कोण आलं आणि कोण बाहेर राहिलं, हे आमच्या तालुक्यात फिरल्याशिवाय कळायचं नाही.

आता माझ्या आकड्यांबद्दल. एकतीस वर्षं मी आपल्या मंडळीचं उपासनेचं रजिस्टर लिहितोय. तारीख, उपदेशक, शास्त्रपाठ, प्रभुभोजन घेणारे किती, दान किती, हजर किती. दुसरं गीत सुरू झालं की मी मागच्या बाकावरून डोकी मोजतो. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, व्हरांड्यात खुर्च्या टाकाव्या लागतात, नाताळात आणि ३१ डिसेंबरच्या रात्री अंगणात माणसं उभी राहतात. आणि जुलैतल्या एखाद्या पावसाळी रविवारी अठ्ठावीस. मी सुरुवात केली तेव्हा साधा रविवार दीडशेचा असायचा.

ते दीडशे सगळे भक्तीनं येत होते असं मात्र मी तुला सांगणार नाही. मी स्वतः बोर्डिंगातला पोरगा. घंटा झाली की आम्ही रांगेनं जायचो, आणि जो रांगेत नसे त्याचं रविवारचं मटण गेलंच म्हणून समज. मिशनच्या शाळेतल्या मास्तरांची गैरहजेरी मुख्याध्यापक टिपून ठेवत. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं शाळा, दवाखाना, नोकरी, सोयरीक सगळं चर्चच्या एकाच फाटकातून यायचं. ते फाटक आता राहिलं नाही. नोकरी हिंजवडीत, सोयरीक मोबाइलवर, दवाखाना विम्यावर. ज्यांना त्यातलंच काही हवं होतं ते गेले, त्यांचं मला फारसं वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते तुझ्यासारख्यांचं. तू मागे लिहिलं होतंस, की उपदेशाचं मराठी तुला पुस्तकी वाटतं आणि कमिटीच्या निवडणुकीत जे चालतं ते बघवत नाही. दोन्ही कबूल. जमिनीच्या वादात आपली माणसं कोर्टाच्या पायऱ्यांवर एकमेकांकडे पाठ करून बसलेली मी पाहिलीत, आणि त्याच माणसांना पुढच्या रविवारी दानाच्या थैल्या फिरवतानाही पाहिलंय. त्यांच्या बाजूनं मी तुला सफाई देणार नाही.

हे तुझ्याच पिढीला सुचलंय असंही नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, आपल्या कवी टिळकांनी, १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात जागा होती. ज्यांची भजनं आपण आजही पेटी-तबल्यावर म्हणतो, त्या माणसाला चर्चची चौकट अपुरी वाटली होती. पण नीट बघ, ते एकटे घरी नाही बसले. त्यांनी दरबार भरवला. दरबार म्हटला की माणसं आलीच.

आणि श्रीरामपूरजवळचं हरेगाव आठव. सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला तू लहानपणी माझ्या खांद्यावर बसून आली होतीस. आपण प्रोटेस्टंट, ती कॅथलिकांची यात्रा, पण आपल्या आळीतला टेम्पो दरवर्षी भरतो. नवस बोललेल्या हिंदू बायाही त्यात असतात. ज्या घरातलं कुणी रविवारी बाकावर दिसत नाही, त्या घरची तीन-तीन माणसं मेणबत्त्या घेऊन तिथे रांगेत. पाळकसाहेबांना ते फारसं रुचत नाही. मला वाटतं, लोकांची भूक मेलेली नाही, ताटाची जागा हललीय.

पण मला खरं लिहायचंय ते दुसरंच, आणि ते लिहायला जड जातंय.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर एक म्हातारी बाई बसायच्या. एकट्या राहायच्या. एका रविवारी मी चौसष्ट लिहिलं, पुढच्या रविवारी त्रेसष्ट, त्याच्या पुढच्याही रविवारी त्रेसष्ट. अक्षर सुंदर, बेरीज बरोबर. घरी जाऊन जेवलो. त्या न्हाणीघरात पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं. शेजारच्या मुस्लिम कुटुंबानं दवाखान्यात नेलं, डबा दिला, रात्री कुणीतरी सोबत झोपलं. आम्हाला कळलं सतराव्या दिवशी. कमी झालेलं एक माणूस माझ्याच हातानं दोनदा लिहिलं गेलं होतं, आणि ते कोण, हे मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी आलेल्यांचा आकडा रजिस्टरात लिहितो आणि न आलेल्यांची नावं खिशातल्या डायरीत. सोमवारी सायकल काढतो. ओरडायला जात नाही. चहा पितो, निघतो. उपदेशक बदलला की हजेरी वाढते, हे अनेकांचं मत मला अनुभवानं पटलेलं नाही.

म्हणून तुला विचारतो. पुण्यात खराडीच्या हॉलमध्ये भरणाऱ्या त्या नव्या उपासनेला तू चार महिने जात होतीस. ड्रम, पडद्यावर गाण्याचे शब्द, इंग्रजी उपदेश, सगळं तुला आवडलं होतं, त्यात वावगं काही नाही. तुला डेंग्यू झाला तेव्हा दोन आठवडे तिथून कुणाचा फोन आला? तू म्हणालीस, नाही आला. त्यांना तुझं नावही पुरतं माहीत नव्हतं. आणि नगरहून महिला मंडळाच्या दोघी एसटीनं पपई घेऊन आल्या, तेव्हा तू माझ्याकडे तक्रार केलीस, की त्या अडीच तास बसल्या!

तू नगरलाच यावंस असं माझं म्हणणं नाही. पुण्यातच बघ. मराठी, इंग्रजी, बाकं, खुर्च्या, जे मानवेल ते. पण इतकी लहान मंडळी शोध, की तू दोन रविवार दिसली नाहीस तर कुणाला तरी कळेल. आणि तिथे एक काम माग. व्यासपीठावरचं नको. तिथे कायम गर्दी असते. आजाऱ्यांकडे जायचं माग, नाहीतर दफनविधीच्या दिवशी चहाचं बघायचं. सहा महिने ते कर. त्यानंतरही मन लागलं नाही तर सोड, मी एका शब्दानं बोलणार नाही. मोबाइलवरची उपासना मला वर्ज्य नाही. टाळेबंदीत तिनंच आम्हाला धरून ठेवलं. पण त्यात मी कुणाचं रिकामं बाक मोजू शकलो नाही.

विश्वासाचं काय, हे तू विचारलं नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही. विचारशील तेव्हा लिहीन. माझेही काही रविवार नुसते मोजण्यात गेलेत.

दिवाळीच्या सुट्टीत घरी येशील तेव्हा रविवार मध्ये पडतोय. आमच्या रजिस्टरात ‘पाहुणे’ असा वेगळा रकाना आहे. आलीस तर तुला तिथे धरायचं की मंडळीत, तेवढं आधी कळव. मी पेननं लिहितो, खोडलेलं मला आवडत नाही.

तुझे
काका