टूथपेस्टमधलं सार्कोसिनेट आणि उद्यमबागचं आरपी ऑइल

ताई, तुम्ही टूथपेस्टच्या खोक्यावर 'सोडियम लॉरॉईल सार्कोसिनेट' वाचलंत आणि निपाणीत बचत गटाच्या शांपूत ते घालावं म्हणताय. इकडे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला असलेला तुमचा मामेभाऊ म्हणतो, "अगं, हे तर आमच्याकडे गंज लागू नये म्हणून तेलात असतं!" मग हे दातांना चालतं कसं, असा तुमचा प्रश्न.

मामेभाऊ निम्मा बरोबर आहे. घराणं एकच, माणसं दोन.

मूळपुरुष ग्लायसिन, सगळ्यांत साधं अमिनो आम्ल. त्याच्या नायट्रोजनवर एक मिथाईल गट बसवला की झालं सार्कोसिन. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८४७ मध्ये ते मांसातल्या क्रिएटिनपासून मिळवलं. ग्रीकमध्ये 'सार्क्स' म्हणजे मांस, म्हणून हे नाव. (आजचा माल कारखान्यात रसायनांपासून बनतो, गटातल्या माळकरी बायकांना तसं सांगा.) या सार्कोसिनला तेलातलं मेदाम्ल जोडतात, आणि शेपूट कुठलं जोडलं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

खोबरेल तेलातलं १२ कार्बनांचं लॉरिक आम्ल जोडून सोडियमचं मीठ केलं की तुमचं सार्कोसिनेट. पाण्यात विरघळतं, फेस बारीक येतो, त्वचेला सौम्य. १९५०च्या दशकात कोलगेटनं हेच 'गार्डोल' म्हणून गाजवलं होतं. प्रयोगशाळेत पेशी फोडून डीएनए काढायलाही ते वापरतात, तिथं त्याला 'सार्कोसिल' म्हणतात.

१८ कार्बनांचं ओलिक आम्ल जोडलं तर ओलिओईल सार्कोसिन: पिवळसर, दाट, तेलात विरघळणारं. मामेभावाचं हे. बेळगावचा जुलै तुम्हाला माहीतच आहे, भिंतीसुद्धा घाम गाळतात. मी कारखान्यात शॉपवर असताना लेथवर टर्निंग झालेला जॉब (लोखंडी भाग) एकानं उघड्या हातानं उचलून रॅकवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर अंगठ्याचा ठसा गंजात उमटलेला, रेघा मोजाव्यात इतका स्पष्ट! घामातल्या मिठाची करामत. आरपी ऑइलमध्ये (रस्ट प्रिव्हेंटिव्ह, म्हणजे गंज रोखणारं तेल) हे ओलिओईल सार्कोसिन थोडंसंच असतं, पण रेणूचं आम्लाकडचं डोकं लोखंडाला धरून बसतं आणि शेपटं बाहेर तेलात राहतात. पाण्याला धातूपर्यंत पोचायला वाट मिळत नाही.

आता तुमच्या शांपूचं. बाजारात बहुधा ३० टक्क्यांचं द्रावण मिळतं. १०० किलोच्या कॅनमध्ये खरा माल ३० किलोच, भाव करताना हे धरा. अथणी-रायबागकडे बोअरचं पाणी जड असतं, तिथं साबणासारखा याचा चटकन साका होत नाही. पण लिंबू जपून. मी एकदा हौसेनं बादलीभर द्रावणात सायट्रिक ॲसिड ढकललं आणि क्षणात ताक झालं. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं जास्त आंबट) ५च्या खाली गेला की मिठाचं परत आम्ल होतं, ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून गढूळ. थेंबथेंब घाला, पीएचच्या पट्टीवर बघत राहा, ५.५ ते ६ला थांबा. आणि घेताना नाव नीट वाचा: 'लॉरिल सल्फेट' वेगळं, ते त्वचेला जास्त झोंबतं. दुकानदार दोन्हींना 'लॉरिल' म्हणूनच मोकळे होतात.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. मालात न जोडलं गेलेलं थोडं मोकळं सार्कोसिन उरतं, तो दुय्यम अमाईन, म्हणजे नायट्रोजनवर दोन कार्बन गट असलेलं संयुग. नायट्राईट भेटलं की त्याचं नायट्रोसो संयुग होतं, आणि त्या जातीच्या संयुगांवर कॅन्सरचा संशय असतो. शॉपमध्ये गंज रोखायला सोडियम नायट्राईट वापरायची जुनी सवय आहे, त्याचा अंश तिथल्या कॅनमध्ये राहिलेला असू शकतो. तेव्हा मामेभाऊ 'रिकामे कॅन पडलेत, घेऊन जा' म्हणाला तरी शांपूसाठी घेऊ नका, कितीही धुतलेले असले तरी.