लुथरन पाळक व्हायला सेमिनरीतली चार-पाच वर्षं खरंच लागतात का? ऑनलाइन डिप्लोमा चालणार नाही का?

तुम्ही लिहिलंय की पदवी झालीय, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं उपदेश करताय, लोकांना आवडतो. आता पाळकपदाची दीक्षा घ्यायची तर पुन्हा सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शिक्षणसंस्थेत, बाकावर बसून ग्रीक-हिब्रू घोकण्यापेक्षा वर्षभराचा ऑनलाइन डिप्लोमा करावा म्हणता. इथपर्यंत ठीक होतं. पण शेवटी जे जोडलंय ना, "शिकवणारा शेवटी पवित्र आत्माच असतो", त्याच्यासाठी हे उत्तर लिहायला बसले. हेच वाक्य माझे थोरले दीर मला लग्न झाल्यापासून ऐकवताहेत, तेव्हा थोडं लांबलं तर चालवून घ्या.

आधी सरळ उत्तर. नुसत्या ऑनलाइन डिप्लोमावर पाळकाची पूर्ण दीक्षा देणारी नावाजलेली लुथरन मंडळी मला माहीत नाही, आणि तशी कुणी देऊही नये. जर्मनीत विद्यापीठात पाच-सहा वर्षं थिऑलॉजी (ख्रिस्ती धर्मशास्त्र), त्यात हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन, मग पहिली परीक्षा, मग दोन-अडीच वर्षं एखाद्या पाळकाच्या हाताखाली उमेदवारी आणि वर दुसरी परीक्षा. अमेरिकेत ईएलसीए असो की मिसूरी सिनड (या तिथल्या दोन मोठ्या लुथरन मंडळ्या), नेहमीचा रस्ता साधारण चार वर्षांचा आणि त्यातलं एक अख्खं वर्ष मंडळीत काढायचं. भारतात बहुतेक ठिकाणी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजची बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी ही धर्मशास्त्राची पदवी, विचारतात. (ते कॉलेज काढलं बॅप्टिस्टांनी, पण पदव्या देण्याची सनद १८२७ मध्ये दिली डेन्मार्कच्या लुथरन राजाने, कारण गाव तेव्हा डॅनिशांच्या ताब्यात होतं. कुणी "तुमच्या लुथरनांचं काय?" म्हणून खिजवलं तर सांगायला बरं.)

हा खटाटोप उगाच सुरू झालेला नाही. १५२८ मध्ये मार्टिन ल्यूथर, ज्याच्यावरून लुथरन हे नाव पडलं, जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या तपासायला बाहेर पडला आणि हादरून परत आला. लोकांना प्रभूची प्रार्थना येत नव्हती, दहा आज्ञा येत नव्हत्या, आणि कित्येक पाळकांना त्या शिकवताही येत नव्हत्या. १५२९ मध्ये छोटा आणि मोठा कॅटेकिझम, म्हणजे विश्वासाची प्रश्नोत्तरं-शिकवणीची पुस्तकं, आला तो या संतापातून. छोट्याची प्रस्तावना वाचा, माणूस किती चिडला होता ते कळेल. पुढे १५३५ पासून ल्यूथरच्या विटेनबर्गमध्ये दीक्षेआधी विद्यापीठातले प्राध्यापक उमेदवाराची परीक्षा घ्यायला लागले. त्या उमेदवारांत मुद्रक होते, विणकर होते, शाळामास्तर होते. म्हणजे पदवीचा कागद कुणी मागत नव्हतं, पण तुला काय येतं ते आमच्यासमोर बसून सांग, हे मात्र विचारत होते. मला विचाराल तर वर्षांच्या हिशेबापेक्षा हीच गोष्ट महत्त्वाची. समोर बसून विचारणारं कुणीतरी हवं.

आता माझी गोष्ट.

बी.डी.च्या मधे आम्हाला इस्पितळात पाठवायचे. याला सीपीई म्हणतात, क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन. अँटन बॉयसेन नावाचे एक अमेरिकन पाळक स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेले होते. बरे झाल्यावर १९२५ मध्ये त्यांनी वूस्टरच्या मनोरुग्णालयात थिऑलॉजीचे विद्यार्थी नेले, की पुस्तकं पुष्कळ वाचलीत, आता माणसं वाचा. तिथून ही पद्धत रुजली. यात रोज एका भेटीची 'व्हर्बेटिम' लिहायची असते. पानाला तीन रकाने. एकात पेशंट काय बोलला ते शब्दन् शब्द, दुसऱ्यात मी काय बोलले, तिसऱ्यात त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं. मग तो कागद मार्गदर्शक पाळकांसमोर आणि बरोबरच्या विद्यार्थ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. सुरुवातीला लाजेने जीव जातो. "देवाची इच्छा" हे शब्द आपण किती पटकन तोंडातून काढतो, ते स्वतःच्याच अक्षरात दिसतं.

तिथे प्रसूती विभागात एक बाई होती. पूर्ण दिवस भरलेले आणि बाळ पोटातच गेलेलं. ती आमच्याच लोकांतली, लहान मंडळीतली. तिथल्या पाळकांकडे अनेक मंडळ्या, त्यामुळे रोजचा कारभार पंच, म्हणजे मंडळीतले वडीलधारे कारभारीच, बघायचे. त्या दिवशी सकाळी पंच येऊन सांगून गेले होते की बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा मंडळीचा दफनविधी करता येणार नाही, घरच्यांनी गुपचूप उरकून घ्यावं. माणूस दुष्ट नव्हता. त्याला आधीच्या पंचाने सांगितलेलं, त्याला त्याच्या आधीच्याने. कुणी कधी शिकवलंच नव्हतं, मग तो करणार काय?

मी आत गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खुर्ची ओढून बसले. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग तिने मान न वळवता विचारलं, "ताई, माझं बाळ कुठे असेल?"

ऑनलाइन डिप्लोमावाल्यांनी इथे थांबून स्वतःला विचारावं की आपण काय बोललो असतो. "तो देवदूत झाला"? हे आमच्या विश्वासात कुठेच नाही. "देवाला ठाऊक"? खरं आहे, पण त्या खाटेजवळ ते क्रूर आहे. मला आठवलं ते चर्च हिस्टरीच्या तासाला सक्तीने वाचायला लावलेलं एक छोटंसं लिखाण. १५४२ मध्ये ल्यूथरने अशाच आयांसाठी लिहिलेलं, ज्यांची मुलं पोटात गेली किंवा बाप्तिस्म्याआधी गेली. त्यात तो आधी हे सांगतो की यात आईचा दोष नाही, देव तिच्यावर रागावलेला नाही. आणि मग म्हणतो की या बाळाला बाप्तिस्म्याला न्यायची तिच्या मनातली ओढ, तिचे उसासे, देव प्रार्थना म्हणूनच ऐकतो, शब्द फुटले नसले तरी. तेव्हा ते वाचताना मी वर्गात जांभया देत होते.

मी तिला एवढंच विचारलं की बाळासाठी तू काय काय ठरवलं होतंस. तिने नाव सांगितलं. बाप्तिस्म्याला कुठल्या रंगाचं टोपडं घालायचं तेही सांगितलं. मग मी म्हटलं, "हे सगळं देवाने ऐकलंय. पाचशे वर्षांपूर्वी ल्यूथरने तुझ्यासारख्या बायांना हेच लिहून ठेवलंय." ती वळली आणि मग रडली. सकाळपासून रडली नव्हती म्हणे.

मी मार्गदर्शक पाळकांना फोन केला. ते आले, पंचांना चारचौघांत काही बोलले नाहीत, बाजूला घेऊन तो मजकूर त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी दफन झालं, विधी झाला, बाळाचं नाव घेऊन झाला. आणि स्तोत्र वाचलं ते पंचांनीच. माझ्या व्हर्बेटिमवर पाळकांनी पेन्सिलने एकच शेरा मारला होता, सुरुवातीच्या त्या लांब शांततेपाशी: "इथे गप्प बसलीस, बरं केलंस." तो कागद अजून माझ्याकडे आहे.

आता भाऊजींकडे येते. ते स्वतंत्र फेलोशिप, म्हणजे कुठल्या मोठ्या मंडळीशी न जोडलेला प्रार्थनागट, चालवतात. मी बी.डी.ला जायचं ठरवलं तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की बायकांना एवढं कशाला, पत्राद्वारे सर्टिफिकेट कोर्स असतो, तेवढ्यात संडे स्कूल छान चालतं. वरचा प्रसंग घरी सांगितला तर म्हणाले, "बघ, हे तुला आत्म्याने सुचवलं, सेमिनरीने नव्हे." त्यावर माझं उत्तर योहान १४:२६ मध्येच आहे. आत्मा "आठवण करून देईल" असं प्रभू म्हणतो. भाऊजींना ते वचन पाठ आहे. पण आठवण त्याचीच होते जे आधी डोक्यात गेलेलं असतं. वाचलंच नसतं तर मला काय आठवणार होतं?

त्यांचा दुसरा हुकमी एक्का म्हणजे प्रेषितांची कृत्ये ४:१३, पेत्र आणि योहान निरक्षर होते. बरं. पण त्याच वचनाच्या शेवटी लिहिलंय की ते येशूच्या सहवासात होते हे लोकांनी ओळखलं. रात्रंदिवस गुरूबरोबर राहणं, चुकलं की तिथल्या तिथे बोलणी खाणं. ही निवासी सेमिनरीच झाली, फक्त फी नव्हती.

ग्रीक-हिब्रूबद्दल मात्र थोडं तुमच्या बाजूने बोलते. १५२४ मध्ये नगरपालांना शाळा काढा म्हणून लिहिताना ल्यूथरने भाषांना आत्म्याच्या तलवारीची म्यान म्हटलं, हे सगळे सांगतात. पण तिथेच तो हेही म्हणतो की विश्वासाचा साधा उपदेशक वेगळा आणि शास्त्राचा अर्थ उलगडणारा वेगळा. साध्या उपदेशकाला भाषांतरांवर भागवता येतं. वादात उतरायचं असेल, "मूळ भाषेत असं आहे" म्हणून कुणी यूट्यूबवर काहीबाही सांगतोय त्याला उत्तर द्यायचं असेल, तर भाषांना पर्याय नाही. तुम्हाला दोघांपैकी कोण व्हायचंय ते आधी ठरवा.

आणि उपदेशाबद्दल. लोकांना आवडतो, हा निकष नाही. आमचे उपदेशशास्त्राचे सर तांबडी आणि निळी पेन्सिल द्यायचे. ज्या वाक्यात नियमशास्त्र, म्हणजे देव मागतोय, त्याखाली तांबडी रेघ. ज्यात सुवार्ता, म्हणजे देव देतोय, त्याखाली निळी. तुमचे गेल्या महिन्यातले उपदेश काढा आणि करून बघा. बहुतेकांचे कागद तांबडे लाल निघतात आणि निळं येतं ते शेवटच्या दोन ओळींत, "म्हणून प्रभूवर विश्वास ठेवा" असं, म्हणजे तेही खरं तर तांबडंच. हे कळायला पेन्सिल पुरते, पण तुमच्या रेघा चुकल्यात हे सांगायला माणूस लागतो.

माझा खरा राग तुमच्यावर नाहीच. तो यावर आहे की पाळकांच्या शिक्षणावर एवढा खल होतो आणि पंच, खजिनदार, संडे स्कूलच्या बाया, यांना कुणी काही शिकवत नाही. मंडळीचा गाडा तेच ओढतात. इथिओपियातली मेकाने येसूस मंडळी बघा, जगातल्या सर्वांत मोठ्या लुथरन मंडळ्यांपैकी एक. लष्करी राजवटीत चर्चेस बंद पाडली, १९७९ मध्ये सरचिटणीस गुदिना तुम्सा यांना पळवून मारलं, तरी मंडळी वाढली ती घराघरांतल्या साध्या सभासदांमुळे. भाऊजी हे उदाहरण आनंदाने वापरतात. गुदिना स्वतः अमेरिकेत ल्यूथर सेमिनरीत शिकून आले होते, ते मात्र सोयीस्कर विसरतात. आपल्याकडे तर परंपराही आहे. तमिळनाडूतल्या तरंगंबाडीत झीगेनबाल्ग या जर्मन लुथरन मिशनऱ्याने १७१६ मध्येच स्थानिक शिक्षक आणि उपदेशक तयार करायला सुरुवात केली, आणि तिथल्या आरोन या भारतीय उपदेशकाला १७३३ मध्ये दीक्षा मिळाली ती कित्येक वर्षं गावोगाव उपदेशकाचं काम केल्यावर. पंचांना वर्षातून चार शनिवार बसवून दफन, आणीबाणीचा बाप्तिस्मा (पाळक यायला वेळ नसेल तेव्हाचा), हिशेब आणि मुलांची सुरक्षितता एवढं शिकवलं तरी पुष्कळ भलं होईल. हिशेब तर सेमिनरीतही धड शिकवत नाहीत. मंडळ्या फुटतात त्या ख्रिस्तशास्त्रावरून कमी आणि पावतीपुस्तकावरून जास्त.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. नोकरी-संसार सांभाळून करायचे रस्ते आहेत. ईएलसीएमध्ये टीम नावाचा आहे, मिसूरी सिनडमध्ये २००७ साली मंजूर झालेला 'स्पेसिफिक मिनिस्ट्री पास्टर' आहे. दोन्हींत बराच अभ्यास घरून होतो, पण मंडळीतलं काम देखरेखीखालीच. म्हणजे ऑनलाइनला माझा सरसकट विरोध नाही, वाचन घरी बसूनही होतं. बी.डी. करून आलेले दगडही मी पाहिलेत. तुम्ही बाई आहात की पुरुष ते प्रश्नावरून कळत नाही. बाई असाल तर आधी चौकशी करा, कारण मिसूरी सिनडसारख्या काही मंडळ्या बायकांना दीक्षा देत नाहीत. आणि ऑग्सबर्ग कन्फेशन, म्हणजे लुथरनांच्या विश्वासाचा मूळ जाहीरनामा, त्याचं १४ वं कलम वाचा, एका वाक्याचं आहे. रीतसर पाचारण झाल्याशिवाय कुणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये किंवा संस्कार देऊ नयेत. पाचारण मंडळी करते, आपण स्वतःला करत नाही.

तेव्हा क्रम उलटा करा. आधी तुमच्या पाळकांशी बोला, मग सिनडची (तुमच्या मंडळ्यांच्या संघाची) उमेदवार समिती कोणते कोर्स मान्य करते ते लेखी विचारा, आणि सेमिनरीचा फॉर्म त्यानंतर. त्या डिप्लोमाची फी अजून भरली नसेल तर थांबा. भरली असेल तर त्यातला ग्रीकचा भाग तेवढा नीट पुरा करा, तो कुठेही गेलात तरी कामाला येईल.