नदीतल्या गस्ती बोटीला पंखा का नसतो?

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमच्याकडं मदतीला रबरी बोटी आलेल्या, त्यातल्या एकीच्या पंख्याला उसाचा पाला गुंडाळला आणि इंजिन बंद, शेवटी बांबूनं रेटत काठाला आणली. पोरगं म्हणतंय मिलिटरीच्या नदीतल्या बोटींना पंखाच नसतो. खरं काय ओ? मग तसल्या का आणत नाहीत?
– एक वाचक, येडूर (ता. चिक्कोडी)

उत्तर : पोरगं खरं सांगतंय, निदान एका गाजलेल्या बोटीबद्दल तरी. व्हिएतनाम युद्धात तिथल्या मेकाँग नदीच्या खाड्यांत फिरायला अमेरिकन नेवीनं १९६६ मध्ये पीबीआर नावाची गस्ती बोट उतरवली, ३१ फूट लांब, माणसं चारच, आणि सांगाडा फायबरचा, तोही मुळात हौशी लोकांच्या बोटीचा. दोन डिझेल इंजिनं पंखा नाही तर पंप फिरवायची. बोटीच्या पोटाखालून पाणी ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं, आपल्या मळ्यातल्या मोटरीच्या पाईपला धक्का बसतो ना, तोच धक्का बोट पुढं ढकलतो. ही युक्ती चालती केली न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टननं, तिथल्या उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठी. खाली काही लोंबकळत नाही म्हणून दोनेक फूट पाण्यात बोट तरते, आणि धार वळवली की जागच्या जागी फिरते. अरुंद खाडीत झाडीतून गोळ्या सुरू झाल्या की हे फिरणंच जीव वाचवायचं, कारण फायबरला गोळी काय अडणार, चिलखत होतं ते फक्त सुकाणूपाशी आणि बंदुकीपाशी थोडंसं. पुढं ५० कॅलिबरच्या जोड मशीनगन असायच्या म्हणून फोटोत बोट भारी दिसते, पण मला विचाराल तर तिचा खरा जीव तळात होता.

आता तुमच्या पाल्याचं. पंप काय जादू नाही. मेकाँगमध्येही जलपर्णी आणि गवत पंपाच्या तोंडाच्या जाळीत भरायचं, वेग उतरायचा, आणि बोटीवरच्या पोरांना शत्रूच्या काठाशी बोट थांबवून हातानं ते उपसावं लागायचं. कृष्णा-दूधगंगेच्या पुरात ऊस, केंदाळ, काटेरी तार, साड्या सगळंच वाहत येतं, तिथं जेटची, म्हणजे या पंपवाल्या बोटीची, जाळी पण तुंबणारच आणि ती असते बोटीच्या पोटाखाली. याउलट रबरी बोटीची मोटर मागं टांगलेली असते, बंद करून वर उचलली की पंखा हातात येतो, पाला कापला की चालू. शिवाय हवा काढून बोट ट्रकात जाते, चारपाच जण उचलून बांधावरून नेतात. फायबरची जड बोट बुडालेल्या रस्त्यानं आणणार कुठनं? जेटचा एक फायदा मात्र मी मानतो, पाण्यात माणूस असला तर पात्याची भीती नाही.

म्हणून गावात बोट ठेवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, बोटीत एक धारदार विळा दोरीला बांधून ठेवा, दोन वल्ही ठेवा, आणि पंख्याची जादा पिन. ओंडक्याला पंखा धडकला की लहान मोटरीत ती पिन आधी तुटते, गिअर वाचावा म्हणून ती मुद्दाम कच्ची केलेली असते, पण जादा नसली की भर पुरात इंजिन नुसतं घुमत राहतं.