व्हिडिओ गेमवरचं थीम पार्क उभारणं सिनेमावरच्या पार्कपेक्षा अवघड का असतं?

तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय, "गेममधलं सगळं चित्र तर तयारच असतं. ते सिमेंट-फायबरमध्ये उभं केलं की झालं. त्यात अवघड काय? आणि मग आपल्याकडे का होत नाही?"

मी नोकरीनिमित्त तीन वर्षं ओसाकाजवळ राहिलो. तिथल्या युनिव्हर्सल स्टुडिओज जपान या थीम पार्कात 'सुपर निन्टेंडो वर्ल्ड' आहे, म्हणजे निन्टेंडो या जपानी गेम कंपनीच्या खेळांवरचा भाग. तिथे चार वेळा गेलो. दोनदा घरचे पाहुणे आले म्हणून. उरलेल्या दोन वेळांना काही सबब नाही. पार्क बांधण्याशी माझा संबंध नाही, मी साधा सॉफ्टवेअरवाला. तेव्हा पुढचं सगळं रांगेत उभं राहून सुचलेलं आहे असं समजा.

माझ्या मते खरी अडचण चित्राची नसून हरण्याची आहे. गेममध्ये माणूस हरतो. निन्टेंडोच्या गेममधला टोपीवाला नायक मारिओ खड्ड्यात पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमच्या पिढीने मे महिन्याची सुट्टी यातच घालवली: टीव्हीला जोडायचा स्वस्तातला व्हिडिओ गेम, कॅसेटला फुंकर मारून ती बसवायची आणि एकाच जागी पंचवीस वेळा मरायचं. सव्विसाव्या वेळी पलीकडे गेलो की अख्ख्या वाड्याला कळायचं. आता हे पार्कात कसं आणणार? तुम्ही खड्ड्यात पडलात म्हणून गाडी मागे नेऊन पुन्हा सोडता येत नाही, कारण मागे शेकडो माणसं दोन तास ताटकळलेली असतात. जिंकणारा आणि हरणारा, दोघांची राइड सारख्याच मिनिटांत संपली पाहिजे.

सिनेमावाल्यांना हा पेच पडत नाही. सिनेमात आपण मुळातच बघे असतो. थिएटरच्या खुर्चीतून उचलून राइडच्या खुर्चीत बसवलं तरी आपण बघेच राहतो आणि त्याचं काही वाटत नाही. त्याच पार्कात २०१४ पासून हॅरी पॉटरचा किल्ला आहे. देखणा आहे, पण तिथे माझ्या हातांना काही काम नव्हतं आणि ते खटकलंही नाही. मारिओचं तसं नाही. मी बटण दाबलं की तो उडी मारायचा, म्हणजे तो मीच होतो. आता त्याच्या पुतळ्याशेजारी उभं राहून फोटो काढला तर माझं समाधान कसं होणार?

निन्टेंडोला हे चांगलं ठाऊक असावं, आणि हात तर त्यांचे आधीच पोळले होते. १९९३ मध्ये खरे नट घेऊन मारिओवर केलेला सिनेमा सपशेल पडला होता. पुढचा, ॲनिमेशनचा, थेट २०२३ मध्ये आला. युनिव्हर्सलशी हातमिळवणी झाल्याचं त्यांनी २०१५ च्या मे महिन्यात जाहीर केलं आणि ओसाकाचं दार उघडलं १८ मार्च २०२१ ला. मधे कोरोनामुळे तारखा पुढे गेल्या हे खरं, पण तरी जवळपास सहा वर्षं झाली. खर्चाचा आकडा सहा हजार कोटी येनांचा सांगतात, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण चार हजार कोटी रुपये. मारिओचे जन्मदाते शिगेरू मियामोतो यांनी या कामात जातीनं लक्ष घातलं आणि उघडण्याआधी व्हिडिओतून सगळा भाग स्वतः फिरून दाखवला.

त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. राइड सगळ्यांना सारखी, पण गुण ज्याचे त्याचे. मनगटावर एक पट्टा बांधायचा, पॉवर-अप बँड. त्यात चिप असते आणि ती मोबाइलमधल्या ॲपशी जोडलेली. जागोजागी प्रश्नचिन्हाचे पिवळे ठोकळे डोक्याच्या वर लटकवलेत. खालून ठोसा मारायचा, की गेममधला तोच 'टिंग' आवाज येतो आणि तुमच्या खात्यात नाणं जमा. ठोकळा इतक्या उंचीवर आहे की बऱ्याच जणांना थोडं उसळावंच लागतं. म्हणजे उडी आता बटणावर नाही, तुमच्या गुडघ्यांवर.

माझ्या आईने आयुष्यात कधी गेम हातात धरला नाही. पहिल्या ठोकळ्याचा आवाज ऐकून ती गर्रकन वळली. "अरे, ही तर तुझी ती दुपारची कटकट!" तीस वर्षांनी ओळखला. मग तिने स्वतः ठोसा मारून बघितला आणि पुढचा अर्धा तास ताई आणि मी पर्सा सांभाळत तिच्या मागे.

पट्टा असेल तर पाच छोट्या लढतीही करता येतात, आणि जिंकलेल्या लढतीची एक किल्ली मिळते. पिराना नावाचं चावरं झाड झोपलेलं आहे आणि गजर वाजायला लागलेत, ते सगळे वेळेत दाबून बंद करा. किंवा हँडल गरागरा फिरवून गुंबाला, म्हणजे गेममधल्या बुटक्या शत्रूला, पाडा. तीन किल्ल्या मिळाल्या की बाउझर ज्युनियरशी, म्हणजे खलनायकाच्या पोराशी, शेवटची लढत. इथे मात्र हरता येतं! ताईचा मुलगा गजरांपाशी दोनदा हरला, तोंड पाडून पुन्हा रांगेत लागला आणि तिसऱ्यांदा किल्ली घेऊन आला. त्याचा चेहरा बघून मला त्या सव्विसाव्या वेळेची आठवण झाली. छोट्या खेळाला हरणं परवडतं, कारण तिथे एकावेळी थोडी माणसं असतात आणि खेळ झटकन संपतो. सहा हजार कोटी येनांतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच, असं माझं मत.

याउलट मोठी राइड. मारिओ कार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. त्यावरच्या राइडच्या गाडीत चौघं बसतात आणि चौघांपुढे चार स्टिअरिंग. आता चार माणसं एक गाडी चालवतायत म्हणजे कोणीच चालवत नाही, हे कळायला इंजिनिअर असायला नको. गाडी आपल्या रुळावरून ठरलेल्या वाटेनेच जाते. तुम्ही वेळेवर स्टिअरिंग वळवलं, समोरच्या दृश्यावर गेमची चित्रं उमटवणारा चष्मा देतात त्यात दिसणाऱ्या शत्रूकडे नजर रोखून कासवाचं कवच फेकलं, तर नाणी वाढतात. हात बांधून बसलात तरी शेवटी पोचताच. तो चष्मा बसवायची पद्धत बघण्यासारखी आहे. मारिओच्या टोपीसारखी पट्टी रांगेतच डोक्यावर घट्ट करून घेतात. गाडीत बसल्यावर भिंगाचा भाग फक्त चुंबकाने तिला चिकटवायचा. माझ्यासारख्या चष्मेवाल्यालाही चालतं. डोक्याच्या मापाची सगळी खटपट रांगेत उरकली, की गाडीपाशी खोळंबा होत नाही. हे कोणी शोधलं त्याला पगारवाढ मिळाली असेल अशी आशा आहे.

भाचा उतरल्यावर म्हणाला, "मामा, ही तर हळू होती." बरोबर आहे. नावात रेस आणि वेग वरातीचा. पण चष्म्यात इतकं काही चाललेलं असतं की गाडी जोरात पळाली असती तर काहीच दिसलं नसतं, आणि पोटात ढवळलं असतं ते वेगळंच.

वेगाची तक्रार बहुधा इतरांनीही केली असेल, कारण डिसेंबर २०२४ मध्ये तिथे डाँकी काँगचा, म्हणजे निन्टेंडोच्याच गोरिलाचा, भाग उघडला आणि त्यात खाणीतली ट्रॉली आली. त्याच्या १९९४ च्या गेममध्ये ही ट्रॉली तुटलेल्या रुळांवरून उड्या मारत जायची. खरी ट्रॉली उडी मारणार कशी? मारतच नाही. तुम्हाला दिसतात ते मोडके रूळ नुसता देखावा. खरा रूळ वेगळा, लपवलेला, आणि ट्रॉली एका मजबूत दांड्यावर त्याला धरलेली. रूळ तुटलेले डोळ्यांना दिसतात, गाडी तरंगत पलीकडे जाते आणि आपण ओरडतो. कसं केलंय ते ठाऊक असूनही मी ओरडलो.

आता कुरकुर. पट्ट्याचे पैसे तिकिटाव्यतिरिक्त. सुरुवातीला तो ३,२०० येनांना होता, पुढे वाढला. लढती त्याच्याशिवाय खेळता येत नाहीत, म्हणजे पार्कात शिरल्यावर तुम्हाला कळतं की खरा गेम अजून विकत घ्यायचाय. गेम कंपन्यांची ही खोडही त्यांनी इमानदारीत पार्कात आणलीय. गर्दीच्या दिवशी त्या भागात शिरायला वेळेचं वेगळं तिकीट लागतं. सकाळी आत पाऊल टाकल्याबरोबर ॲपवर ते घ्या. लहान मूल असेल तर घरीच उंची मोजा. मारिओ कार्टला मोठ्यांसोबतही १०७ सेंटिमीटर लागते. योशी या मारिओच्या डायनासोर सोबत्याच्या राइडला मोठ्यांसोबत ९२ चालते, ती शांत आहे आणि वरून सगळा परिसर दिसतो.

आपल्याकडचं म्हणाल तर खोपोलीच्या इमॅजिकात 'मिस्टर इंडिया'वर राइड आहे. तिथे सिनेमाच असणार, कारण आजी आणि नातू दोघांना माहीत असलेली गोष्ट आपल्याकडे सिनेमाचीच असते. गेममध्ये तसं काय आहे? लुडो किंग नवी मुंबईत तयार झाला आणि घराघरांत पोचला, पण सोंगट्यांच्या पटात शिरून फिरायचं कुठे? पुण्याच्या मंडळींनी २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला. त्यातले महाल आणि वाडे बघून वाटतं की हे उद्या दगडात उभं राहावं. पण तुमच्या ओळखीत तो किती जणांनी खेळलाय? 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम १९८५ चा. पार्क उघडलं तेव्हा त्याला घरांमध्ये कटकट करून छत्तीस वर्षं झाली होती.