आवडत्या मालिकेचा शंभरावा भाग पाहून पार निराशा झाली. दोष माझ्या अपेक्षांचा की मालिकेचा? आणि आता ती पाहणं सोडून द्यावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: एवढ्यात सोडू नका. पहिल्याचं उत्तर जरा लांबेल.

तुमच्या अपेक्षा वाढल्या असतील, पण त्या वाढवल्या कुणी? कित्येक दिवस आधीपासून प्रोमोंचा मारा, जुन्या कलाकारांच्या मुलाखती, 'सगळं बदलून टाकणारा भाग' वगैरे घोषणा. एवढा गाजावाजा वाहिनीने करायचा आणि भाग फुसका निघाला की प्रेक्षकाने स्वतःलाच बोल लावून घ्यायचा, हे मला पटत नाही. शिवाय प्रोमोतच भागातले सगळे चांगले प्रसंग दाखवून टाकलेले असतात, ते वेगळंच.

मुळात शंभर या आकड्याचा गोष्टीशी काही संबंध नाही. तो धंद्याचा आकडा आहे. अमेरिकेत मालिका शंभर भागांच्या आसपास पोचली की तिचं पुनःप्रक्षेपण स्थानिक केंद्रांना विकणं सोपं जायचं. सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवला तर शंभर भाग २० आठवडे पुरतात, तोवर एकही भाग पुन्हा लावावा लागत नाही. हिशोब एवढाच. पण निर्मात्यांना खरा पैसा बऱ्याचदा तिथूनच मिळू लागायचा, म्हणून सेटवर केक कापले जायचे. आता आठ-दहा भागांचे सीझन निघतात आणि तो हिशोब बराचसा मोडीत निघालाय, सोहळा मात्र राहिलाय. आणि सोहळा म्हटला की लेखकाची पंचाईत होते. कथा त्या आठवड्यात शांत असली तरी काहीतरी मोठं घडवून दाखवावंच लागतं.

माझ्या बाबतीत हे एका हॉस्पिटलवरच्या मालिकेत झालं (नाव घेत नाही, तिचे चाहते फार हळवे आहेत आणि त्यांत मीही आले). त्यातल्या मुख्य डॉक्टरची एक लकब होती. नातेवाईकांना वाईट बातमी सांगायच्या आधी तो मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवायचा. त्याबद्दल कुणी कधी अवाक्षर काढलं नाही, पण घड्याळ टेबलावर आलं की आपल्या पोटात गोळा यायचा. शंभराव्या भागात तो एका आईला तिचा मुलगा गेल्याचं सांगतो, आणि घड्याळ मनगटावरच! काढायला विसरला असंही दाखवलेलं नाही. लेखकाच्या, दिग्दर्शकाच्या, कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. कारण सगळ्यांचं लक्ष पुढच्या पार्टीकडे होतं. तिथे मालिका सोडून गेलेली जुनी पात्रं एकेक करून दारातून आत येतात आणि प्रत्येक जण उंबऱ्यात क्षणभर थांबतो, जणू घरोघरी टाळ्या वाजणार आहेत. ज्या दोन मैत्रिणींच्या अबोल्यावर आख्खा सीझन तोलला होता, त्यांचा समेट त्याच गर्दीत तीन वाक्यांत उरकला. वर गाणं, जुन्या प्रसंगांचे तुकडे, आणि शेवटी पार्किंगमध्ये स्फोट.

जुनी माणसं गोळा करण्याची ही हौस नवी नाही. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेला वीस वर्षं झाली तेव्हा, १९८३ मध्ये, 'द फाइव्ह डॉक्टर्स' हा खास भाग काढला. तिच्या नायकाला नुसतं 'डॉक्टर' म्हणतात आणि ती भूमिका करणारे नट बदलत जातात. तोवरचे पाचही डॉक्टर एकत्र आणायचे होते, पण पहिला डॉक्टर करणारे विल्यम हार्टनेल १९७५ मध्येच वारले होते, म्हणून त्यांच्या जागी रिचर्ड हर्न्डल यांना घेतलं. चौथा डॉक्टर करणाऱ्या टॉम बेकर यांनी नकार दिला, तर अर्धवट राहिलेल्या एका कथेचं पडून असलेलं चित्रीकरण वापरून त्यांची हजेरी लावली. भाग गमतीचा आहे, मला आवडतोही, पण त्यात नक्की काय घडलं हे सांगायला गेलं की आधी कोण कोण आलं होतं तेच आठवतं.

असे भाग जमतच नाहीत असं नाही. 'लॉस्ट' या अमेरिकी मालिकेचा शंभरावा भाग, 'द व्हेरिएबल', एप्रिल २००९ मध्ये आला. (पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा.) त्यातला शास्त्रज्ञ डॅनियल फॅरडे काळात मागे, १९७७ मध्ये अडकलाय, आणि तिथे त्याला गोळी घालते ती त्याचीच आई. तरुण आहे, हा कोण हे तिला माहीत नाही. ज्या आईने त्याला लहानपणापासून एकाच वाटेने ढकलत नेलं, ती हे सगळं जाणून होती, हे त्याला मरताना कळतं. हा भाग सत्त्याण्णवावा असता तरी एक दृश्य बदलावं लागलं नसतं. याच्या अगदी उलटा मार्ग 'स्टारगेट एसजी-१' या विज्ञानकथा मालिकेने २००६ मध्ये दोनशेव्या भागात घेतला: मोठेपणाचा आवच आणला नाही, स्वतःच्याच मालिकेची टिंगल केली आणि एका प्रसंगात सगळ्या नायकांच्या चक्क दोरीवरच्या बाहुल्या केल्या. तुमचा शंभरावा भाग या दोन्हींच्या मधे कुठेतरी लोंबकळला असणार. कथेचं वळण नाही आणि धड मस्करीही नाही.

सोडू नका म्हणाले त्यामागचं कारण जरा व्यवहाराचं आहे. असे भाग महाग असतात. जुन्या कलाकारांचं मानधन, स्फोट, जास्तीचे चित्रीकरणाचे दिवस. हा खर्च अनेकदा आजूबाजूच्या एखाद्या भागात भरून काढतात: नवा सेट नाही, पाहुणा कलाकार नाही, एकाच खोलीत नेहमीची तीन-चार पात्रं. तिथे लेखकाकडे संवाद सोडून दुसरं हत्यारच उरत नाही. माझ्या मालिकेचा १०१वा भाग असाच होता, एका रात्रीचा आणि एकाच वॉर्डातला. त्या दोन मैत्रिणी शेजारच्या दोन खुर्च्यांवर बसतात, आणि 'त्या पार्टीत आपण फार पटकन मिटवलं' असं एक म्हणते. तिथून खरं भांडण सुरू होतं. सबंध सीझनमधला तो सगळ्यात चांगला भाग ठरला.

तेव्हा तुमचा पुढचा भाग आला की एवढंच बघा, शंभराव्यात जे घडलं त्याचं ओझं कुणाच्या अंगावर दिसतंय का. दिसलं तर मालिका अजून शुद्धीवर आहे. स्फोट झाल्यावर पुढच्याच आठवड्यात सगळे इस्त्रीचे कपडे घालून हसत हिंडताना दिसले, तर मात्र माझा सल्ला मागे घेते. खुशाल सोडा.